लडीला घर लागलं

एका मांजराच्या पिल्लामागे यशवंतअण्णा दिवट्यांचे दोन फायदे होते, आणि पिल्लू मागायला त्यांनी तोंड उघडायच्या आधीच ते दोन्ही मी मोजून ठेवले होते.

पहिला उंदरांचा. येवल्यात आमच्या गल्लीत घरटी एक माग. मागावर ताणलेल्या रेशमाला उंदराने एकदा दात लावला की कित्येक महिन्यांची पैठणी एका दुपारी चिंधी होते. दुसरा फायदा सुनेचा. नवी सून रेवती सिन्नरहून आलेली, बारावी शिकलेली. लग्न ठरताना तिच्या भावाने एकच अट घातली होती: पोरीला नर्सिंगला जायचंय, जूनमध्ये नाशिकला कॉलेज सुरू होईल, तेव्हा अडवायचं नाही. अण्णांनी "हो, हो, शिकू दे की" म्हणून मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातं? नंदीबैलही डोलावतो. पण अण्णांना मुलगा एकच, भास्कर, आणि मागावर बसलं की त्याच्या पायांना मुंग्या येत. म्हणून तो पेट्रोल पंपावर उभा राहायचा. सून तर मागाच्या खोलीचा उंबरा ओलांडत नव्हती. अण्णांनंतर त्या मागावर बसणार कोण? तेव्हा मांजर मागाच्या खोलीत बांधायचं, मांजरापाठोपाठ सून येईल, आली की बसेल, बसली की हात बसेल, आणि जून कधी येऊन गेला ते तिलाही कळणार नाही.

तिसराही एक फायदा होता. तो मात्र मला दिसला नाही, आणि मी स्वतःला फार डोळस समजते.

मी सगुणा. नवरा गेल्यापासून गल्लीतल्या विणकरांना कांड्या भरून देते, म्हणजे रेशमाची लडी उकलून विणायच्या कांड्यांवर गुंडाळायची. हात कामात, डोळे मोकळे. दिवट्यांचं दार माझ्या ओट्यासमोरच, त्यामुळे डोळ्यांना काम कमी पडत नसे.

"वहिनी, तुमच्या मांजरीचं एक पिल्लू द्या," अण्णा ओट्याशी येऊन म्हणाले. भर सकाळची वेळ होती.

"घ्या की. काळं, करडं का पांढरं?"

अण्णा टोपलीवर वाकले. वाकून बराच वेळ राहिले. मग हात घालून एकेका पिल्लाची पाठ चाचपली, मुलगी बघायला आल्यासारखी.

"हे द्या. रेशमाच्या लडीसारखं लागतंय."

"पांढरं निवडलंत. पक्के आहात. मळलं की लगेच दिसेल, सून रोज पुसत बसेल."

"तुम्हाला माणसात सरळ काही दिसतच नाही का हो, वहिनी?"

"दिसलं असतं तर बोलले नसते का?"

अण्णा हसले. त्यांचं आणि माझ्या नवऱ्याचं बालपण एका खड्ड्यात गेलेलं, म्हणजे एका मागाच्या खड्ड्यात पाय सोडून दोघं विणायला शिकले. त्यामुळे मला एवढं बोलायची मुभा होती.

आमच्याकडे मांजर असं नुसतं उचलून देत नाहीत. तोंड झाकून, पोत्यात घालून, वाकड्या वाटेने न्यायचं, म्हणजे त्याला परतीचा रस्ता उमगत नाही. नवीन घरी चुलीभोवती तीनदा फिरवायचं, मग खाली सोडायचं. दिवट्यांचं घर समोर, दहा पावलांवर. तरी मी पिठाच्या पिशवीत पिल्लू घालून मारुतीच्या पारापर्यंत गेले, तिथून बोळाने वळसा घालून मागच्या दाराने आत शिरले. रेवती गॅसच्या ओट्याशी भाकरी थापत होती. गॅस भिंतीला लागून. त्याला फेरी कशी मारायची?

"काकू, शेगडीभोवती हात फिरवला तर चालेल का?" रेवतीने विचारलं. हसू दाबत होती.

"मांजराला चालेल. देवाचं मला माहीत नाही."

दारात अण्णा उभे होते. म्हणाले, "सूनबाईला आम्ही थेट एसटीने आणली. असं पोत्यातून फिरवून आणायला पाहिजे होतं."

"मग मी पण वाट विसरले असते, अण्णा," रेवती म्हणाली. भाकरी तव्यावर टाकली आणि हात धुऊन पिल्लू घेतलं. त्याने तिच्या बोटाला करकचून चावा घेतला.

"चावू दे," मी म्हटलं. "आठ दिवस हेच. पहिले दोन दिवस कपाटामागे बसेल, मेलं की काय असं वाटेल. बोलवायचं नाही, बाहेर ओढायचं नाही. आपोआप येतं. गाईचं दूध देऊ नको, हगवण लागते. राखेचं घमेलं कोपऱ्यात ठेव, तिथेच जाईल, एवढी अक्कल त्याला आहे. ती आपल्याकडच्या पुरुषांना नसते. उशीवर येऊन झोपायला लागलं की समजायचं, घर लागलं."

"आणि नाही लागलं तर?"

"तर निघून जाईल. मांजर आणि सून, दोघींना घर लागावं लागतं. लावता येत नाही."

हे मी अण्णांना ऐकू जावं म्हणून बोलले. त्यांनी ऐकलं. 

पिल्लू दोन दिवस कपाटामागेच बसलं, तिसऱ्या दिवशी दुपारी मागाच्या खोलीत आलं. नाव पडलं लडी. आता मागावर पैठणीचा पदर विणताना काय असतं, ते ज्याने बघितलं नाही त्याला सांगते. मोर, पोपट, वेल, प्रत्येक रंगासाठी बोटाएवढ्या काड्यांवर वेगवेगळा धागा गुंडाळलेला असतो. त्यांना तिल्ल्या म्हणतात. पदर सुरू झाला की अशा पन्नास-साठ तिल्ल्या मागावरून खाली लोंबत असतात, हलत असतात. मांजराच्या पिल्लाला याहून मोठा जत्रेचा बाजार कोणता? लडी उडी मारायची, तिल्ली पकडायची, रेवती धावत जाऊन सोडवायची. अण्णा खड्ड्यातून ओरडायचे, "अगं, सोडव सोडव, पोपटाची चोच नेली तिने!"

अण्णांचा हिशेब असा बसत गेला. तिल्ली सोडवायला आलेली सून आठवड्याभरात तिल्ली भरायला बसली. मग अण्णांच्या शेजारी, मागावर.

मी कांड्या घेऊन गेले की त्यांची शिकवणी ऐकायची. अण्णा तिल्ली हातात धरायचे.

"हा कोणता रंग गं?"

"डाळिंबी."

"आणि हा?"

"तोच ना? नाही, हा राणी."

"शाबास. डोळा बसतोय तुझा. आता पोपटाच्या पंखात पहिलं कोणतं लावशील?"

"पोपटी. मग हळदी."

"लाव."

मला वाटलं, काय मास्तर आहे म्हातारा! चुकलं तर रागवत नाही, सगळं तिच्याकडून वदवून घेतो. भास्कर संध्याकाळी पंपावरून आला की दारातूनच टोमणा मारायचा, "झालं का पोपट शिकवून? एकाला दोन झाले."

"तू तिसरा हो," अण्णा म्हणायचे.

"मला नको. माझे पाय झोपतात."

"तुझे पायच जागे असतात रे, बाकी सगळं झोपलेलं."

रेवती हसायची. ती हसायला लागली होती, हे मी टिपलं. आणि लडी आता तिच्या उशीवर झोपायची, हेही तिनेच मला सांगितलं. घर लागलं होतं. कोणाला लागलं होतं ते मात्र नक्की सांगता येत नव्हतं. कारण मेच्या शेवटी तिच्या भावाचं पत्र आलं, नाशिकच्या यादीत नाव लागलं म्हणून. आणि त्याच दुपारी रेवतीने माळ्यावरून बॅग काढून दाराशी उन्हात ठेवली, वास जायला.

"लडीला तुम्ही सांभाळाल ना, काकू?" ती ओट्यावर येऊन म्हणाली. "वसतिगृहात मांजर चालत नाही, मी विचारलं."

"अण्णांना सांगितलंस?"

"त्यांना काय सांगायचं? शब्द दिलाय त्यांनी. ते शब्द पाळतात."

"आणि पदर अर्धा राहिलाय त्याचं?"

"ते आहेत ना." मग म्हणाली, "काकू, ते मला आधी विचारायचे, आता विचारत नाहीत. नुसते गप्प बसतात. मी विणते आणि ते शेजारी बसून धागा चाचपतात. मला वाटतं, मी जाणार म्हणून रुसलेत."

मलाही तेच वाटलं. रुसलेला म्हातारा, फसलेला हिशेब. मनातून जरा बरंच वाटलं. एवढ्या वर्षांत या गल्लीतून एक तरी पोरगी बॅग घेऊन बाहेर पडत होती.

भाऊ सोमवारी येणार होता. त्याआधीच्या शुक्रवारी सकाळी रेवती लडीला पदरात गुंडाळून माझ्याकडे आली. लडी दोन दिवस खात नव्हती. ओकत होती, पाणीसुद्धा. पाठ उंटासारखी वर काढून बसत होती.

"काकू, हे बघा."

तोंडाच्या कोपऱ्यातून लाल धागा बाहेर आला होता. बोटभर. पोपटाच्या चोचीचा लाल.

"एक तिल्ली हरवली होती मंगळवारी," रेवती म्हणाली. "मला वाटलं, मागाखाली पडली असेल."

आम्ही दोघी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर शेळ्यांच्या लसीकरणाला खेड्यावर गेलेले. बाहेर बाकावर एक म्हैसवाला बसला होता, तो म्हणाला, उद्या सकाळी येतील. रेवतीने तिथूनच पंपावर फोन लावला.

"अहो, गाडी घेऊन येता का? लडीला नाशिकला न्यायला लागेल."

फोनमधून भास्करचं बोलणं मला सरळ ऐकू आलं. "मांजराला नाशिकला? तिथून तुला आणायला परत कोण जाणार? एकदाच जा ना सोमवारी, तिलाही घेऊन जा." आणि तो हसला. मुद्दाम वाईट बोलला असं नाही. त्याला ते विनोदी वाटलं.

घरी आलो. अण्णा मागाच्या खड्ड्यात बसले होते, हात मांडीवर. आडवा धागा नेणारा धोटा पडून होता.

"अण्णा, लडीने तिल्ली गिळलीय. धागा बाहेर दिसतोय."

"तिल्ली गेली का धागाच?"

"काडी सापडली मागाखाली. धागा गेला."

"मग भ्यायचं काय?" अण्णा एकदम ताठ झाले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जीव आला. "धागा ना? धाग्याला आपण भ्यायचं? आण इकडे."

"अण्णा, ओढायला नको. मी जरा ओढून बघितलं तर ती किंचाळली."

"तू ओढलास. धागा ओढायचा नसतो पोरी, त्याला येऊ द्यायचं असतं. पन्नास वर्षं या बोटांतून धागा सरकतोय. गुंतलेली लडी मी तोडलेली कधी कोणी बघितलीय? विचार काकूंना."

मी म्हटलं, "नाही बघितली." खरंच नव्हती. गल्लीत कोणाची लडी गुंतली की ती अण्णांकडे जायची. ते कात्रीला हात न लावता ती सोडवून द्यायचे.

रेवती थांबली. तिने लडीचं तोंड दोन बोटांनी उघडलं आणि खिडकीच्या उजेडाकडे केलं.

"अण्णा, मला वाटतं जिभेखाली वेढा बसलाय. मुळाशी. तुम्ही बघा ना नीट."

"बघतो. बॅटरी आण."

तिने बॅटरी आणली. अण्णांनी लडीचं तोंड आपल्या हाताने उघडलं, उजेड आत धरला, वाकले. चष्मा वर सरकवला, खाली घेतला. मी त्यांच्या खांद्यामागून बघायला गेले तर त्यांचं डोकं मध्ये.

"वेढा-बिढा काही नाही," ते म्हणाले. "सुटा आहे."

"नक्की?"

"मी बघितलं ना?"

रेवतीने एकदा माझ्याकडे बघितलं. मग आपल्या हाताने लडीला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि पुढचे पाय पदरात धरले.

मी आयुष्यात पुष्कळ कसबी हात बघितले, पण त्या दुपारी अण्णांनी जे केलं ते तसं बघितलं नाही. धाग्याचं टोक त्यांनी रिकाम्या कांडीला गुंडाळलं आणि कांडी नुसती वळवत राहिले. हिसका नाही. जिथे धागा अडला तिथे ते थांबत, सैल सोडत, बोटाच्या पेराने त्याचा ताण ऐकत बसत, आणि पुन्हा वळवत. लडी पहिल्यांदा ओरडली. मग नुसती थरथरत राहिली. धागा येत होता. लाल, ओला, वीतभर, मग हातभर. अण्णा पुटपुटत होते, "ये बाळ, ये. तुटायचं नाही. आपला धागा तुटत नाही." शेवटी टोक बाहेर आलं. अण्णांनी ते बोटावर घेऊन चाचपलं.

"अख्खा आला," ते म्हणाले. कपाळावर घाम होता. "एक तंतू मागे नाही."

रेवतीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने वाकून त्यांना नमस्कार केला, मांडीवरच्या मांजरासकट. शेजारची दोन माणसं दारात जमली होती, तीही वा वा म्हणाली. लडी शांत झाली होती. डोळे मिटून अण्णांच्या मांडीवर पडून राहिली.

"झोपली बघ," अण्णा म्हणाले. "दमली."

शनिवारी सकाळी ती उठली नाही. पोट दगडासारखं टणक, श्वास चालू. आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. अण्णा हट्टाने आले. डॉक्टर कालच्या शेळ्यांनी दमलेला, कोवळा मुलगा होता. त्याने लडीचं पोट दाबलं, तोंड उघडलं आणि तोंडातच बोट ठेवून वर बघितलं.

"धागा गिळला होता का?"

"हो," रेवती म्हणाली. "काल काढला."

"कोणी?"

"मी," अण्णा म्हणाले.

"इथे चीर बघा. जिभेच्या मुळाशी वेढा होता आणि बाकी सगळा आतड्यात उतरलेला. नाडी ओढल्यावर परकराला चुण्या पडतात ना, तसं आतडं गोळा होतं त्याच्यावर. मग वरून ओढलं की धागा आत करवतीसारखा चालतो. साधा दोरा असता तर तुटला तरी असता. रेशीम होतं ना?"

रेवतीने मान हलवली.

"ओढायच्या आधी तोंडात बघितलं नव्हतं का?"

"बघितलं होतं," रेवती हळू म्हणाली. "अण्णांनी बघितलं. बॅटरी लावून."

"मग दिसायला पाहिजे होता की. पांढरं मांजर, लाल धागा." डॉक्टर हात धुवायला वळला. "हा वेढा न दिसायला माणूस आंधळाच पाहिजे."

तो सहज बोलला होता. अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि तिथून हलले नाहीत. रेवती त्यांच्या पाठीकडे बघत होती. मीही बघत होते, आणि माझ्या डोक्यात एकदम टोपलीतली ती तीन पिल्लं आली आणि त्यांच्या पाठींवरून फिरणारा तो हात.

"काल पोट उघडलं असतं तर वाचली असती?" रेवतीने विचारलं.

"नाशिकला नेलं असतं तर कदाचित. सांगता येत नाही."

लडी तिथेच टेबलावर गेली.

सीताफळाच्या झाडाखाली अण्णांनी स्वतः खड्डा खणला. खणताना कुदळ एकदा दगडावर बसली, एकदा झाडाच्या बुंध्यावर. रेवतीने ती त्यांच्या हातातून घेतली नाही. बघत राहिली. माती लोटून झाल्यावर ते हात न धुता मागाच्या खोलीत गेले आणि खड्ड्यात बसले. ती त्यांच्या मागोमाग गेली. मी दारात थांबले. माझ्या हातात त्यांच्या कांड्या होत्या, ते निमित्त मला पुरलं.

खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. रेवती त्यांच्या समोर उभी राहिली आणि मूठ उंच धरली.

"अण्णा, हा कोणता रंग?"

अण्णांनी मान वर केली. चेहऱ्यावर तेच मास्तरचं हसू आणायचा प्रयत्न केला. "तूच सांग बरं."

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

"शिकणाऱ्याने सांगायचं असतं."

"सांगा ना, अण्णा."

बाहेर कोणाचा तरी माग खटखटत होता. अण्णांचे डोळे तिच्या हाताच्या आसपास फिरत होते.

"राणी," ते म्हणाले. मग, "डाळिंबी."

रेवतीने मूठ उघडली आणि त्यांचा हात धरून आपल्या तळव्यावर ठेवला. तळवा रिकामा होता.

"किती दिवस झाले?"

"दिवाळीपासून जास्त." अण्णांचा आवाज खाली खड्ड्यात गेल्यासारखा आला. "नाशिकला जाऊन आलो होतो, भास्करच्या लग्नाचं आवतण द्यायला जातो म्हणून. मोतीबिंदू असता तर काढला असता म्हणाले. डोळ्याच्या आतला पडदा गेलाय. कडेकडेचं दिसतं. मधलं नाही."

"आणि मला रंग विचारायचात ते..."

"तू बरोबर सांगायचीस."

"मी सांगायची म्हणून तुम्हाला कळायचं."

"व्यापाऱ्याला कळलं तर उद्यापासून रेशीम देणार नाही. भास्करला कळलं तर माग विकून मोकळा होईल. मला वाटलं, तुझा हात बसेपर्यंत काढू कसंबसं." त्यांनी पडलेला धोटा चाचपला. "काल वेढा मला दिसतच नाही असं म्हणालो असतो, तर सगळंच सांगायला लागलं असतं ना."

हा तिसरा फायदा. मांजर सुनेला मागावर आणणार, हे मला दिसलं होतं. पण अण्णांना तिचे हात नको होते, ते त्यांच्याकडे होते. त्यांना तिचे डोळे हवे होते.

सोमवारी भाऊ आला. दाराशी बॅग होती. रेवतीने चहा केला. अण्णा स्वतः म्हणाले, "घेऊन जा तिला. मी शब्द दिला होता." आणि ते नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नव्हते, मी माणसं ओळखते, त्या दिवशी तो म्हातारा खरंच तिला सोडत होता.

भाऊ उठला. "चल, रेवती."

"पदर अर्धा आहे, दादा," रेवती म्हणाली. "तिल्ल्या लोंबताहेत सगळ्या. पदर झाला की येते."

"अगं, प्रवेश थांबणारे का तुझ्या पदरासाठी?"

"पदर झाला की येते."

भाऊ अण्णांना नाही नाही ते बोलला. फसवलंत म्हणाला, पोरीला डांबलंत म्हणाला. भास्कर म्हणाला, "अहो, आम्ही कुठे अडवलंय? तीच नाही म्हणतेय." हे अगदी खरं होतं, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर आली तेव्हा मी तिला झाडलं. "मांजर गेलं, आता तुला धरून ठेवायला काय उरलं इथे? कीव आली म्हाताऱ्याची?"

"कीव नाही, काकू." ती बोटाला एक धागा गुंडाळत होती, सोडत होती. "मला वेढा दिसला होता. माझ्या डोळ्यांनी. त्यांनी नाही म्हटल्यावर मी माझ्या डोळ्यांवरचा विश्वास सोडला आणि लडीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. असं डोळे असून करणारी बाई वॉर्डात काय कामाची? मोठा डॉक्टर म्हणेल सुटा आहे, मी म्हणेन बरं."

"तो धडा शिकायलाच माणूस कॉलेजात जातो, बये."

"पदर झाला की जाते."

पदर झाला. व्यापारी म्हणाला, अण्णा, या वयातही काय हात आहे तुमचा! अण्णा काही बोलले नाहीत, रेवतीही बोलली नाही. मग दुसरी साडी चढली. पुढच्या जूनला ती गरोदर होती. अण्णा आणखी सहा वर्षं जगले, शेवटपर्यंत मागाच्या खड्ड्यात तिच्या शेजारी बसून धागा चाचपत. गल्लीत शेवटपर्यंत नाव त्यांचंच होतं. भास्कर पंपाचा मॅनेजर झाला. त्या घरात उंदरांसाठी पिंजरा आला. मांजर पुन्हा आलं नाही. मी एकदोनदा विचारलं, माझ्या मांजरीला दर वर्षी होतातच पिल्लं. रेवती म्हणायची, "नको, काकू, जीव लागतो."

अण्णांना जाऊन आता दहा वर्षं झाली. या संक्रांतीला मी तिळगूळ द्यायला गेले. भर दुपार होती, खिडकीत ऊन. रेवती मागावर बसलेली, केसांत पांढरं दिसायला लागलेलं, चष्म्याची काच जाड. तिची मुलगी शेजारी पाटावर अभ्यास करत होती. रेवतीने दोन तिल्ल्या उचलल्या, डोळ्यांजवळ आणल्या, लांब धरल्या. मग मुलीकडे वळून, अगदी सहज, मास्तरासारखं विचारलं, "सांग बरं, यातली राणी कोणती?"

मुलीने वहीतून मान वर न करता सांगितलं. "डावी."

"शाबास."

मी तिळगूळ तिच्या हातावर ठेवला. एका पिल्लाच्या बदल्यात अण्णांना दोन डोळे हवे होते. ते त्यांना मिळाले. पिल्लाने जीव दिला, अण्णांनी एका दुपारपुरतं खरं बोलून घेतलं, भास्करने नेहमीप्रमाणे काहीच दिलं नाही. डोळे रेवतीने दिले, आणि आता तिचे पुरेनात.